दोन्हीकडनं चावतीस का?

हौसाकाकी कुणाला ‘कशी आहेस’ असं कधी विचारायची नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये ताट घेऊन समोर येऊन बसायची, आपण दोन-चार घास खाईपर्यंत नुसती बघत राहायची आणि मग विचारायची, “दोन्हीकडनं चावतीस का?”

नव्या बाईला हा प्रश्न कळायचा नाही. ती आपली हसून ‘हो’ म्हणायची. काकी मान हलवायची आणि जेवायला लागायची. तिला खरं उत्तर आधीच ठाऊक असायचं. एका बाजूनं चावणारी बाई तिला नुसत्या गालाच्या हालचालीवरून ओळखू यायची. त्यात फार कठीण काही नव्हतं म्हणा, कारण आमच्या लाईनीवरच्या अर्ध्याअधिक बाया तशाच चावायच्या. काही तर भाकरी वरणात इतकी भिजवायच्या की चावायचं कामच उरू नये.

काकी वारली त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून त्याच कंपनीत आहे, चाकणला. गाडीच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत वायरींची एक जाड जुडी पसरलेली असते. ती जुडी आम्ही बांधतो. उभ्या फळीवर वायरी लावायच्या, खुंट्यांत अडकवायच्या आणि वरून चिकटपट्टी गुंडाळत जायची. लाईनीवर सगळ्या बायाच. कुणी परभणीची, कुणी लातूरची, कुणी माझ्यासारखी परांड्याकडची. राहायला काळेवाडी, थेरगाव, पिंपरी. काकी मात्र इथलीच, भामा नदीकाठच्या गावातली. आम्ही शिफ्ट सुटली की बसकडं पळायचो आणि ती कंपनीच्या कुंपणाला वळसा घालून बांधाबांधानं चालत घरी जायची. नवरा राघूकाका, दोन म्हशी, एक मुलगा. तो हिंजवडीला कंपन्यांची माणसं ने-आण करायची गाडी चालवायचा आणि घरी क्वचितच दिसायचा.

पहिल्या दिवशी मी तिला पाहिलं तेव्हा ती चिकटपट्टी दातांनी तोडत होती. कात्री दोरीनं कमरेला बांधलेली होती, पण ती नुसती लोंबत होती. तपासणीचा माणूस येऊन ओरडला की काकी किती वेळा सांगायचं, कात्री वापरा. काकीनं त्याला समोरचे दात दाखवले. “तुमच्या कात्रीला धार न्हाई. ह्यांला हाय.” तो गेला आणि काकीनं पुढची पट्टी पुन्हा दातांनीच तोडली.

तिचे समोरचे दात खरोखरच बघण्यासारखे होते. रुंद, एकमेकांना चिकटून बसलेले. मशेरीनं त्यांच्या कडा काळ्या झालेल्या, पण मजबूत. दात हा त्यांच्या घराण्याचा अभिमान होता. तिचा आजा तोंडातले सगळे दात घेऊन सरणावर गेला म्हणे. लहानपणी भावांबरोबर पैज लावून ती ऊस सोलायची आणि भाऊ हरायचे. लग्न ठरवताना सासरच्यांनी काय पाहिलं असेल ते असो, तिच्या आईनं मात्र व्याह्यांना एवढंच सांगितलं होतं की पोरीचे दात चांगले आहेत, खाल्लेलं अंगी लागतं.

ही गोष्ट ती रंगवून सांगायची आणि मग मोठ्यानं हसायची. ती हसली की मागचं सगळं दिसायचं. समोरच्या त्या देखण्या दातांच्या मागे दोन्ही बाजूंनी खिंडारं होती. पुष्कळ बाया अशा वेळी तोंडावर पदर धरतात. काकी कधी धरायची नाही. उलट कुणी टक लावून पाहिलं तर ती गालात बोट घालून ओळख करून द्यायची. ही एक्स्पोर्टच्या ऑर्डरीतली. ही ऑडिटची. ही दिवाळीतली. आम्ही आधी हसायचो. हळूहळू लक्षात आलं की ती विनोद करत नाही. प्रत्येक दाढ कुठल्या कामाच्या धबडग्यात गेली, हे तिच्या पक्कं लक्षात होतं.

एक्स्पोर्टवाली दाढ सगळ्यात आधी किडली होती. काकी चाकणच्या एका दातांच्या डॉक्टरकडं गेली. तो वयानं लहान होता, म्हणून ती त्याला शेवटपर्यंत ‘त्यो पोरगा’ असंच म्हणत राहिली. त्यानं सांगितलं, दाढ वाचेल, रूट कॅनॉल करू, तीन-चार वेळा यावं लागेल. पहिल्या खेपेला त्यानं दाढ कोरली, औषध भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट लावलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी काकीची शिफ्ट बदललेली होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात परदेशी जाणारा माल अडकला आणि सगळ्यांना ओव्हरटाइम लागला, गुरुवारच्या सुट्टीसकट. दवाखाना उघडायचा तेव्हा ती लाईनीवर आणि ती सुटायची तेव्हा दवाखान्याला कुलूप. ऑर्डर संपवून ती गेली तोवर सिमेंट केव्हाच पडून गेलं होतं आणि दाढ उभी चिरली होती.

डॉक्टर वैतागला. म्हणाला, “मावशी, ते सिमेंट तात्पुरतं होतं. तात्पुरतं किती दिवस टिकणार?”

काकी म्हणाली, “आमी बी तात्पुरत्याच हाय की. धा वर्सं झाली.”

ती कंत्राटी होती, आम्ही सगळ्याच होतो. डॉक्टरला ते कळायला वेळ लागला, पण कळल्यावर तो हसला नाही, असं काकी सांगायची. त्यामुळेच तिला तो पोरगा आवडला. दाढ काढताना त्यानं तिला हेही सांगितलं की मशेरी सोडा, हिरड्या गेल्यात तुमच्या. त्यावर ती म्हणाली की हिरड्या मशेरीनं नेल्या आणि दाढा कंपनीनं, दोघांचा वाटा आहे, एकट्या मशेरीला बोल लावू नका.

मशेरी तिनं सोडली नाही. कंपनीत तंबाखूला बंदी होती आणि फाटकावर पिशव्या तपासायचे. तिथला एक सिक्युरिटीवाला तिच्याच गावचा, तिला आत्या म्हणणारा. तिची मशेरीची डबी तो आपल्या टेबलाच्या खणात ठेवायचा. चहाच्या सुट्टीत आम्ही चहा प्यायचो तेव्हा काकी फाटकापर्यंत जाऊन बोटभर मशेरी लावून यायची. ती म्हणायची, ठणका लागला की तेवढंच बधिर होतं आणि उरलेली शिफ्ट निघते. आम्हाला मात्र ती कधी मशेरी देत नसे. आमच्यासाठी तिच्या पदराच्या गाठीत लवंगा असायच्या. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की काही न विचारता एक लवंग हातावर ठेवून पुढं जायची.

दुसरी दाढ दुखायला लागली तेव्हा तिनं डॉक्टरला काही बोलूच दिलं नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, काढून टाका. तो म्हणाला की ही वाचण्यासारखी आहे. काकीचा हिशेब सरळ होता. वाचवायला चार खेपा आणि काढायला एकच. गुरुवार महिन्यात मोजकेच, त्यातही कधी कंपनी बोलावून घेणार, आणि बाकीच्या दिवशी गेलं तर खाडा लागून हजेरीचा बोनस गेला. तिच्यानंतरची दाढही तशीच गेली. आमच्या लाईनीवर हीच रीत पडली होती. पंचविशीच्या पोरींच्या दाढा निघत होत्या, दात फार वाईट होते म्हणून नाही, चार वेळा जायला जमणार नव्हतं म्हणून. गुरुवारी चाकणला जावं किंवा काळेवाडीत, दातांच्या दवाखान्याबाहेर अख्खी एमआयडीसी बसलेली असायची. गालाला हात लावून, आपापल्या कंपनीच्या शर्टात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिफ्टवाल्यांना अर्धा दिवस मोकळाच असतो. मलाही लग्न होऊन इकडं येईपर्यंत तसंच वाटायचं. फर्स्ट शिफ्टला पहाटे अंधारात बस पकडायची. दुपारी सुटून ट्रॅफिकमधून काळेवाडीत पोचेपर्यंत दिवस कलायला आलेला. डॉक्टर तेव्हाच बसतात खरं, पण तेव्हाच नळाला पाणी येतं, मुलं शाळेतून आलेली असतात आणि पुन्हा पहाटे उठायचं असतं. सेकंड शिफ्टला सकाळ मोकळी, पण दवाखाना उघडून आपला नंबर लागेपर्यंत बस नाक्यावर येऊन उभी. हे सगळं सांभाळून एखादी गेलीच तर डॉक्टर म्हणणार, पुढच्या आठवड्यात याच वेळेला या. आणि पुढच्या आठवड्यात बरोबर याच वेळेला ती फळीसमोर उभी.

सोनालीचं झालं ते या सगळ्यातच. सोनाली परभणीकडची, विशीतली पोरगी. काळेवाडीत मावशीकडं राहायची. कामाला चपळ, बोलायला अबोल. त्या आठवड्यात आम्हाला सेकंड शिफ्ट होती आणि ती दोन दिवस स्कार्फ बांधूनच काम करत होती. विचारलं तर म्हणाली, धुळीचा त्रास होतोय. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खात होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कँटीनमध्ये काकी तिच्यासमोर जाऊन बसली. सोनालीनं ताटातलं काहीच घेतलं नव्हतं, नुसतं वरणाचं पाणी पीत होती.

काकीनं नेहमीचा प्रश्न विचारला. सोनाली ‘हो’ म्हणाली. काकीनं हात लांब करून तिचा स्कार्फ खाली ओढला. गाल सुजून तुकतुकीत झाला होता आणि सूज जबड्याखाली मानेकडं उतरली होती. काकीनं तोंड उघडायला सांगितलं. तोंड उघडेना. मधे बोट जाईल एवढीसुद्धा फट पडत नव्हती. कपाळाला हात लावला तर अंग भाजत होतं.

“लई दुखायलंय, काकी,” सोनाली दातांवर दात ठेवून बोलली. “पन या म्हैन्यात आधीच एक खाडा झालाय माझा.”

काकीनं तिला हाताला धरून उठवलं आणि लाईनीच्या टोकाला माने साहेबांच्या टेबलाशी नेलं. मी ताटं उचलून मागे गेले. माने साहेब आमचे सुपरवायझर. डिप्लोमा करून नुकताच लागलेला मुलगा, वाईट नव्हता. पण त्या दिवशी दोघीजणी आल्या नव्हत्या आणि कंटेनर रात्री भरायचा होता, त्यामुळे तो आधीच घामाघूम झाला होता. त्यानं सोनालीकडं पाहिलं न पाहिलंसं केलं आणि म्हणाला की काकी, थोडं काढा, शिफ्ट सुटली की बसनं जाऊ दे, उद्या सकाळी दाखवेल. दातदुखीला मधेच गेटपास दिला तर उद्या सगळ्या मागतील.

काकी भांडेल असं मला वाटलं होतं. तिचा आवाज असा होता की मशिनांच्या आवाजावरून पलीकडच्या लाईनीला ऐकू जायचा. पण ती हळू बोलली.

“साहेब, जरा हिकडं बगा,” ती म्हणाली आणि तिनं आपलं तोंड उघडून गालात बोट घातलं. “ही एक्स्पोर्टच्या ऑर्डरीत गेली. ही ऑडिटला. ही दिवाळीत. ही तुमी आल्याव, लाईन हलवली तवा. माझं झालं ते झालं, त्याचं कायबी म्हननं न्हाई. पन हिचा जबडा उघडंना. पासाव कारन काय लिवायचं ते तुमी लिवा. ही आत्ता जानार.”

माने साहेबांनी काकीच्या तोंडात खरंच वाकून पाहिलं. मग सोनालीकडं नीट पाहिलं. पास फाडून दिला आणि अंगातला जर्किन काढून सोनालीच्या फळीसमोर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी उरलेली शिफ्ट तिच्या जागी त्यांनीच वायरी लावल्या. हात हळू चालत होता, पण चुकले नाहीत.

पास एकटीचाच होता आणि कंपनीची बस शिफ्ट सुटल्याशिवाय हलत नाही. काकीनं राघूकाकांना फोन केला. ते डेअरीला दूध घालून परतत होते, तसेच छोटा टेम्पो घेऊन फाटकावर आले. मागे रिकाम्या किटल्या, त्यांच्यामध्ये सोनाली आणि तिला धरून काकी, कंपनीचा कोट अंगात तसाच. काकीला पास नव्हता. फाटकावरच्या भाच्यानं वहीत काय लिहायचं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, लिही आत्या गेली म्हणून.

चाकणच्या त्या पोरग्या डॉक्टरनं सोनालीला पाहिलं आणि खुर्चीत बसवलंसुद्धा नाही. सूज गळ्याकडं चाललीय, इथं हात लावायचा नाही, सरळ पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं सांगून त्यानं स्वतःच तिथं फोन लावला. टेम्पो तसाच पिंपरीला. सोनालीला दाखल करून घेतलं, मावशी येईपर्यंत काकी बाहेर बाकड्यावर बसून होती. दुसऱ्या दिवशी सोनालीच्या गळ्याखालून पू काढला. दाढ गेली, पण पोरगी उठली. डॉक्टरांनी तिच्या मावशीला सांगितलं की सूज आणखी उतरली असती तर श्वास अडला असता. ते ऐकून आलेली काकी पुढं कित्येक दिवस ती गोष्ट बोलली नाही. इतर वेळी ती साधा साप निघाल्याची गोष्ट आठवडाभर पुरवायची.

सोनाली बरी होऊन आली तेव्हा काकी कामावर नव्हती. पास नसताना कंपनीबाहेर गेली म्हणून कंत्राटदारानं तिला ‘ब्रेक’ दिला होता. आमच्याकडं ब्रेक म्हणजे घरी बसायचं. पुन्हा बोलावतील तेव्हा बोलावतील. तिच्या फळीवर दुसरी बाई आली. ती कात्री वापरायची. आम्हाला तो कात्रीचा आवाज सहन होत नव्हता.

तिला परत आणलं ते माने साहेबांनी. कसं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढं खरं की ते दोनदा वरच्या ऑफिसात गेले आणि दोनदा चेहरा पाडून आले, तिसऱ्यांदा मात्र काकीला फोन करा म्हणाले. काकी आली ती त्यांच्यासाठी घरचा खरवस घेऊन. आणि खरवसाचा डबा टेबलावर ठेवतानाच तिनं मागणी घातली. जिच्या दातांचं काम चालू आहे तिची शिफ्ट ते काम होईपर्यंत बदलायची नाही.

माने साहेब म्हणाले की शिफ्टा कॉम्प्युटर लावतो, माझ्या हातात नाही. काकी म्हणाली, कॉम्प्युटरला लावू द्या की. अदलाबदल आम्ही आपसात करू. एकीला महिनाभर फर्स्ट शिफ्ट पाहिजे तर तिच्या वाटची सेकंड मी करीन. माझं घर हाकेवर आहे, मला बस नाही, पोरं लहान नाहीत. म्हशींचं नवरा बघेल.

तशी आमच्याकडं ‘दाताची शिफ्ट’ सुरू झाली. नाव बायांनीच पाडलं. एका वेळी एकीनंच घ्यायची, काम संपलं की दुसरीनं. कुणाची पाळी आधी हे काकी ठरवायची आणि त्यात वशिला चालायचा नाही. कँटीनमध्ये बसून चावणं बघायची आणि जिचं जास्त बिघडलेलं तिचं नाव पुढं. पहिली आमच्याच लाईनीवरची शकू, मग सोनाली, कारण तिच्या दुसऱ्या बाजूलाही कीड निघाली होती. या वेळी तिची दाढ वाचली. वर टोपी बसवून आली त्या दिवशी तिनं कँटीनमध्ये मुद्दाम काकीसमोर बसून कच्चा मुळा खाल्ला. कर्रकन आवाज झाला आणि सगळी टेबलं हसली. काकीनं तिच्या ताटातला अर्धा मुळा उचलला, समोरच्या दातांनी तोडला आणि तोंडात घोळवत बसली, मागे चावायला काही नव्हतं म्हणून.

एकदा माने साहेबच गाल धरून आले. अक्कलदाढ होती. काकीनं त्यांना ‘दोन्हीकडनं चावताय का साहेब’ असं विचारलं, हातावर लवंग ठेवली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की बाकी कुणाचीही शिफ्ट करते, तुमची तेवढी जमायची नाही, मला कॉम्प्युटर येत नाही.

माझीही पाळी आली. माझी खालची दाढ तीन वर्षं अधूनमधून ठणकत होती. काळेवाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी चार वेळा बोलावलं आणि चारही वेळा मी गेले, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. हे लिहिताना आज साधं वाटतं. तेव्हा शेवटच्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडून मी रस्त्यावर उभी राहिले आणि जीभ पुन्हा पुन्हा त्या दाढेवरून फिरवली. तो महिनाभर माझ्या वाटच्या सेकंड शिफ्टा काकी करत होती. मी तिला विचारलं, काकी, तुमच्या उरलेल्या दातांचं कधी करायचं? समोरचे दोन तोवर हलायला लागले होते आणि पट्टी ती कात्रीनं कापू लागली होती. म्हणाली, “तुमचं झालं की माझं.”

पण आमचं काही कधी संपणारं नव्हतं. एकीचं झालं की दुसरीचं निघायचं. दोन वर्षं ती कुणाच्या ना कुणाच्या बदलीवरच उभी राहिली आणि दर बदलीला तिचं स्वतःचं पुढं ढकललं गेलं. तिनं कधी तसं बोलून दाखवलं नाही. जेवणात मात्र भाकरी गेली, भात आला, मग दहीभात आला.

मग चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन बसलं. ज्याची शिफ्ट त्याचाच चेहरा, दुसऱ्याचा चालत नाही. माने साहेबांची बदली दुसऱ्या प्लँटला झाली. कंत्राटदारही बदलला आणि नव्यानं पन्नाशीच्या पुढच्या बायांना घेतलं नाही. कुणी रागावून काढलं नाही, कुणी भांडलं नाही. महिनाअखेरीला यादीत नाव नव्हतं, इतकंच. काकीचा शेवटचा दिवस नेमका घाईचा होता. लाईन थांबत नाही. आम्हाला हातातलं सोडून तिच्या पाया पडायलाही फुरसत नव्हती. तीच एकेका फळीजवळ आली आणि प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून पुढं सरकली. आम्ही समोर बघत वायरी लावत राहिलो. सोनालीचे डोळे वाहत होते आणि हात चालत होते.

घरी बसल्यावर काकीनं कवळीचं काम काढलं. उरलेले सगळे दात काढले, हिरड्या भरायची वाट पाहिली, मग मापं सुरू झाली. ती मला गुरुवारी फोन करायची आणि त्या पोरग्याच्या तक्रारी सांगायची. आज मेणाचं माप, परवा दुसरंच माप, कपडे शिवायला टाकले असते तर आतापावेतो लेऊन फाटले असते. दात नसल्यामुळे तिचं बोलणं मऊ झालं होतं, निम्मं अंदाजानं समजून घ्यावं लागायचं. एकदा ती म्हणाली, “वंदे, म्हन हाय ना, दात हायेत तर चने न्हाईत? माझं येगळंच झालं. दात हुते तवा येळ न्हवता. आता येळच येळ हाय.” आणि मग फोनवर खूप वेळ हसत राहिली. मीही हसले.

तिची-माझी शेवटची भेट झाली ती चाकणच्या शनिवारच्या बाजारात. मला सेकंड शिफ्ट होती. काळेवाडीतून बसनं नेहमीच्या वेळी न जाता मी सकाळीच एकटी आले होते, कांदे स्वस्त मिळतात म्हणून. बाजार ऐन भरात होता. कांद्यांच्या ढिगांपलीकडं एक बाई विक्रेत्याशी घासाघीस करत होती. तोंड मिटलेलं, हातवारेच चालले होते. ओळखीची वाटली, पण चेहरा नीट लागेना. गाल भरलेले होते, ओठ पुढं आलेले. तेवढ्यात तिनं मान फिरवून मला पाहिलं. तिनं झटकन पाठ केली, पदराआड काहीतरी केलं आणि पुन्हा वळली तेव्हा गाल आत गेलेले होते.

“वंदे!” सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक आली.

जवळ गेले तर तिच्या मुठीत रुमालात गुंडाळलेली कवळी होती. म्हणाली, दिसायला झ्याक आहे, पण हाक मारायला आणि भांडायला अडचण होते, म्हणून बाजारात काढावी लागते. पोरग्यानं सांगितलंय रोज घालायची, सवय होईल. मग तिनं एकेकीचं नाव घेऊन चौकशी केली. सोनालीचं लग्न ठरलं होतं, ते ऐकून तिनं कांदेवाल्यालाही सांगितलं. माझी दाढ कशी आहे ते विचारलं, आणि मला तिथं भर बाजारात तोंड उघडून दाखवावं लागलं. राघूकाका बरे होते. म्हैस एकच उरली होती. काकीला दम लागत होता, बोलताना मधे मधे ती थांबत होती, ते मी पाहिलं, पण चालण्याचा असेल असं वाटलं.

मला अजून खूप बोलायचं होतं. रस्त्यावर बायांनी भरलेली कंपनीची बस येताना दिसली आणि काकीनंच ती आधी पाहिली. माझी पिशवी उचलून तिनं मला पुढं घातलं, हात दाखवून बस थांबवली. ड्रायव्हर तिला ओळखत होता. “जा, चढ,” ती म्हणाली. “हजेरीचा पंच चुकंल.”

खिडकीजवळची जागा मिळाली. बस हलली तेव्हा मी बाहेर पाहिलं. काकी रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी होती, डोकं खाली घालून, पदर तोंडाशी. दोन्ही कोपरं हलत होती. मग ती वळली, मान वर केली आणि बसमधल्या आम्हा सगळ्यांना दिसावं म्हणून ओठ ताणून हसली. वरची ओळ, खालची ओळ, एकसारखे, पांढरेशुभ्र. कुठंही खिंडार नाही. सोनाली माझ्या मागच्या सीटवर होती. ती उठून खिडकीशी आली आणि तिनं जोरजोरात हात हलवला. काकी हसणं न मोडता तशीच उभी राहिली, दात नीट दिसत राहतील अशी, बस चौकात वळेपर्यंत.